सहा खोकी आणि एक टिण्

हेडफोन या विषयात लासुर्ण्यापासून भवानीनगरपर्यंत माझ्याएवढा अभ्यास कुणाचा नाही! हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं. स्वतःबद्दल असं काही लिहिताना माझे कान गरम होतात. तिसऱ्यांदा मात्र राहू दिलं. दोनशे पानी वही भरली आहे, ती काय उगाच?

मी एकतीस वर्षं शाळेत ग्रंथपाल होतो. त्यामुळे मला दोनच गोष्टी नीट येतात. एक, वाचणं. दुसरी, कुणी बोलायला आलं की पुस्तक तोंडापुढे धरणं. छत्री घ्यायची तरी मी आधी छत्रीवर वाचतो. आमच्या द्वारकाबाई म्हणतात, "आवो, तुमची छत्री घरात येस्तवर पावसाळा सरतो!" खोटं नाही. एका वर्षी ती संक्रांतीला आली होती.

तर या सगळ्याची सुरुवात झाली सावळारामपासून.

सावळाराम माझा बालमित्र. मागच्या आळीत राहतो. गेली चाळीस वर्षं रोज सकाळी सातला तो आमच्या ओट्यावर येतो, चहा बशीत ओततो आणि असा फुर्रर करून ओढतो की शेजारची म्हैस मान वर करते. मी बोलत नाही, तो थांबत नाही. त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही.

हा सावळाराम तरुणपणी गायचा! साधासुधा नाही. गावच्या यात्रेत त्यानं गवळण लावली की पाळण्यात बसलेली माणसं खाली उतरून यायची. पुढे पन्नाशीत त्याचा आवाज बसला तो बसलाच. आता तो बोलला तरी शेंगदाण्याचं पोतं फरशीवरून ओढत नेल्यासारखं वाटतं. "मी गायचो, ह्ये नातवंडास्नी खरं वाटत न्हाय," तो एकदा म्हणाला, "आन् खरं सांगू का तात्या, आताशा मलाबी वाटत न्हाय."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात आमच्या सूनबाईंना, सुप्रियाला, ट्रंकेत एक कॅसेट सापडली. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'यात्रा, सावळाराम, गवळण'. त्या यात्रेत मीही होतो. मागच्या ओळीत. लाजरा माणूस दुसरीकडे कुठे बसणार? सुप्रिया बारामतीच्या कॉलेजात शिकवते. तिनं बारामतीतूनच ती कॅसेट मोबाईलवर उतरवून आणली. सावळारामची पंच्याहत्तरी महिन्यावर आली होती. ठरलं! त्या दिवशी त्याला त्याचा आवाज ऐकवायचा. तोवर कुणाला काही बोलायचं नाही.

मोबाईलच्या स्पीकरवर मात्र ती गवळण कढईत फुटाणे भाजावेत तशी ऐकू येत होती. म्हणून मी वाचायला घेतलं.

पंधरा दिवसांत मला कळलं की कानात घालायची बोंडं वेगळी, कानावर बसणारा हेडफोन वेगळा. कळलं की बोंडाचं रबर कानाच्या मापाचं नसेल तर महागातलं बोंडही भाड्याच्या बँजोसारखं वाजतं. कळलं की काही हेडफोनना मोबाईलची ताकद पुरत नाही, त्यांना मधे एक छोटा ॲम्प्लिफायर लावावा लागतो, जसा लांबच्या शेताला पाणी न्यायला मधे पंप लागतो. हे पंपाचं उदाहरण माझं स्वतःचं आहे. ते सुचलं तेव्हा मी घरात एकटाच हसलो होतो.

मी स्वस्तातली बिनवायरची बोंडं मागवली. लावली. डोळे मिटले. आणि काय सांगू! सावळाराम माझ्या दोन कानांच्या मधे उभा राहून गात होता! पेटी डावीकडे, पखवाज उजवीकडे, टाळकरी मागे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात समेवर सगळं नीट बसलं आणि जरासं मागून आवाज आला:

टिण्!

मी दचकलो. पुढच्या समेला पुन्हा. सम... टिण्! सम... टिण्! सुंदर श्रीखंडात दर घासाला एक खडा!

बोंडात दोष! मी सुप्रियाच्या मदतीनं कंपनीला दोन पानी तक्रार पाठवली आणि दुसरी बोंडं मागवली. टिण्! वायरची मागवली. टिण्! वाचलं की ताकद कमी पडली तर असले आवाज येतात, म्हणून साबणाच्या वडीएवढा ॲम्प्लिफायर मागवला. टिण् मोठा झाला! दुसरा ॲम्प्लिफायर मागवला. टिण् आणखी गोड झाला! शेवटी कानावर बसणारा, अडीचशे ओहमचा, पितळी घंगाळाएवढा हेडफोन आला. तो सवलतीत होता, हे इथे नमूद करतो. त्यात तर टिण् इतका स्वच्छ आला की जणू कुणीतरी माझ्या मानेमागे उभं राहून वाजवतंय.

"तात्या, जे आवडेल ते ठेवा, बाकीचं दहा दिवसांत परत पाठवता येतं," सुप्रिया म्हणाली.

दहा दिवस! सहा खोकी! मी वहीत लिहिलं: 'शक्यता: घरातल्या विजेचा उपद्रव. उपाय: विजेपासून दूर जाऊन ऐकणे.' म्हणजे फिरायला जाणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोक्याला ते घंगाळ, सदऱ्याच्या खिशात निळा दिवा लुकलुकणारा ॲम्प्लिफायर, असा मी बाहेर पडलो.

आता मी एक गोष्ट सांगायची विसरलो. तेव्हाही विसरलोच होतो. गावच्या दूध संस्थेची निवडणूक लागली होती. एका पॅनेलचे प्रमुख हिंदुराव. कडक इस्त्री, कडक मिशा. दुसऱ्या पॅनेलमधून पहिल्यांदाच उभा होता आमचा सावळाराम! "तू काय करू नगंस," तो मला म्हणाला होता. "तुला बोलायला जमत न्हाय. निसता माझ्याकडनं हायेस येवढं लोकास्नी दिसू दे."

तर मी निघालो. कानात गवळण, डोळे अर्धे मिटलेले. त्या संध्याकाळी गाव मला फारच प्रेमळ वाटलं. एरवी माझ्याकडे कुत्रंही बघत नाही. पण त्या दिवशी माणसं ओट्यावरून उठून हात करत होती! बायका दारात येत होत्या! पोरं नाचत होती! मला वाटलं, संगीतानं माझ्या चेहऱ्यावर काही तेज आलं असेल. मी लाजून सगळ्यांना हात जोडले. डावीकडे जोडले, उजवीकडे जोडले. चौकात तर हिंदुरावांनी स्वतः पुढे होऊन माझा हात हातात घेतला आणि वर उचलला! मी त्यांच्याकडे पाहून हसलो. कानात सावळारामनं तान घेतली होती, म्हणून.

घरी आलो तर द्वारकाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. त्यांचे ओठ हलत होते. मी हेडफोन काढला.

"...लाज कशी वाटली न्हाय!" हा शेवटचा भाग मला ऐकू आला.

"काय झालं?"

"काय झालं? आवो, तुमच्या मागं जीप हुती जीप!"

सुप्रियानं मोबाईल पुढे केला. गावच्या ग्रुपवर व्हिडिओ. पुढे मी, डोक्याला हेडफोन, हात जोडलेले, चेहऱ्यावर वरातीतल्या नवरदेवाचं हसू. माझ्या दहा पावलं मागे हिंदुरावांची जीप. तिच्यावर दोन कर्णे आणि घसा फोडून ओरडणारा माणूस: "आपली निशाणी काय? हेडफोन! हेडफोन! हेडफोनसमोरच शिक्का मारा!"

त्याच दुपारी इंदापूरला चिन्हं वाटली होती. हिंदुरावांच्या पॅनेलला हेडफोन मिळाला होता. सावळारामच्या पॅनेलला कपबशी.

व्हिडिओखाली लिहिलं होतं: 'ज्ञानी माणसाचा कौल! लायब्ररीवाले तात्या हेडफोनसोबत!'

ग्रंथपाल असताना मी एकदा वार्षिक संमेलनात दोन मिनिटं आभार मानायचे म्हणून तापाचं निमित्त काढून घरी बसलो होतो. आणि आता मी प्रचारफेरी काढली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले. सव्वासात वाजले. चहावर साय आली. म्हैस मान वर करून वाट बघत राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सावळाराम आला नाही.

"जाऊन सांगा की त्येला खरं काय ते!" द्वारकाबाई म्हणाल्या.

"काय सांगू? की त्याच्याच आवाजासाठी सगळं आणलंय? मग पंच्याहत्तरीला काय ऐकवू? आणि त्या टिण्सकट?"

"टिण् जाऊ दे चुलीत!"

मी शब्द जुळवत बसलो. तीन मसुदे केले. तोवर दारात संस्थेला दूध घालणाऱ्या भामाबाई येऊन उभ्या. डोईवर वैरणीचा भारा तसाच.

"तात्या, आमचं कवा?"

"काय कधी?"

"ते ओ. कानाचं. कुरिअरवाला म्हनला, तात्याच्या घरी सा खोकी टाकल्याती. हिंदुरावानं तुमच्याकडं वाटायला ठिवल्यात म्हनं."

"अहो भामाबाई, ती माझी आहेत!"

"सा?" त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "कान किती तुमाला?"

मी नकळत वही चाळायला घेतली.

"आमच्यात चार सभासद हायती," त्या म्हणाल्या. "मला लाल रंगाचं ठिवा. म्हस पिळताना आयकाय बरं पडंल."

दुपारपर्यंत अकरा जण येऊन गेले. एकानं जोडीला चार्जर मागितला. एक जण नुसताच कान दाखवून मापाचं रबर आहे का विचारून गेला. हे मात्र मला आवडलं. त्याला निदान विषय कळला होता.

आणि तीन वाजता निवडणूक अधिकारी आले. बरोबर एक कारकून, हातात फाईल.

"मतदारांना हेडफोन वाटपाची तक्रार आहे," साहेब म्हणाले. "माल कुठाय?"

मी सहाही खोकी पुढे मांडली. साहेबांनी एकेक खोकं उघडलं. "तीन जोड्या बोंडं, दोन... हे काय आहे?"

"ॲम्प्लिफायर. म्हणजे बघा, लांबच्या शेताला पाणी न्यायला जसा मधे पंप..."

"एका माणसाला एवढं कशाला लागतं?"

"टिण् येतो म्हणून."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. मी नाइलाजानं घंगाळ त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि गवळण लावली. साहेबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. मान डोलायला लागली. मग एकदम ते थबकले आणि बोट वर केलं.

"आला!"

"आला ना?" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं माझं म्हणणं ऐकलं होतं!

त्यांनी दोन्ही ॲम्प्लिफायर लावून पाहिले. कारकुनानं बोंडं लावली. अर्धा तास ते दोघं माना हलवत बसले होते. मग पंचनामा झाला. त्यातली ओळ मला पाठ आहे: 'सदर सर्व यंत्रांत दर समेनंतर टिण् असा आवाज आढळून आला. वाटपाचा पुरावा आढळून आला नाही.'

"आवाज फार सुंदर आहे हो," जाताना साहेब म्हणाले. "कोण गातंय?"

"मित्र आहे," मी म्हणालो. तो सध्या बोलत नाही, हे सांगितलं नाही.

सुटका झाली, पण सावळारामचं काय? तेव्हा द्वारकाबाईंनी तोडगा काढला. "आता हेडफोन काडलात तर लोक म्हन्तील, सावळाराम भावजींनी दम दिला. त्यापरीस डोक्याला हेडफोन ऱ्हाऊ द्या आन् हातात कपबशी घ्या. फिट्टंफाट!"

मला हे पटलं. अभ्यासू माणसाला समतोल लगेच पटतो. त्या संध्याकाळी मी डोक्याला हेडफोन आणि हातात वाफाळती कपबशी घेऊन गावातून फिरलो. चहा सांडू नये म्हणून इतकं हळू चाललो की सगळ्या गावानं डोळे भरून बघितलं.

अर्ध्या तासात ग्रुपवर आलं: 'दोन्ही पॅनेल एक झाली! तात्यांची मध्यस्थी यशस्वी! निवडणूक बिनविरोध!'

झालं! हिंदुरावांचा फोन आला. ते इतके मोठ्यानं बोलले की ॲम्प्लिफायरची गरज नव्हती. "तात्या, कुनाला इचारून मिटवलंत? माझी सात मानसं हायती, सावळारामाला किती जागा कबूल केल्यात, आदी सांगा!"

मी म्हणालो, "मी फक्त चहा..."

"चा पाजून मिटवलं व्हय!"

सावळारामचा फोन आलाच नाही. त्याचा निरोप भामाबाईंनी आणला. "त्ये म्हनत हुते, तात्यानं हिंदुरावाचा परचार केला तरी सोसलं आसतं. पर मला न इचारता निवडणुकीतनं मला बशिवतोय ह्ये न्हाय सोसत." मग थांबून, "आन् लाल रंगाचं आलं का?"

त्या दिवशी मी वहीत काहीच लिहिलं नाही.

पंच्याहत्तरीचा दिवस उजाडला. मतदान दोन दिवसांवर. मी सकाळी सातलाच निघालो. घंगाळ घरी ठेवलं. खिशात मोबाईल, छोटा ॲम्प्लिफायर आणि वायरची बोंडं. वायरची अशासाठी की ती दोघांत वाटून घेता येतात.

सावळाराम ओट्यावर बाजेवर बसला होता. मला पाहून त्यानं तोंड उसाच्या फडाकडे फिरवलं.

"कुनाकडनं आलास? हिंदुरावाकडनं का बिनविरोधाकडनं?"

तीनही मसुदे मी विसरलो. सरळ त्याच्याशेजारी बसलो. एक बोंड माझ्या कानात घातलं, दुसरं त्याच्या. तो कान झटकणार, तेवढ्यात मी गवळण लावली.

तो थांबला.

पेटी झाली. पखवाज आला. आणि आवाज सुरू झाला. सावळारामची मान हळूच माझ्याकडे वळली. डोळे बारीक झाले.

"कोन ह्यो?" त्यानं कुजबुजत विचारलं. "गडी झ्याक गातोय."

"तू."

बाजेच्या कडेला त्याची बोटं ठेका धरायला लागली. तान आली तेव्हा त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मी फडाकडे पाहत राहिलो. मित्राच्या डोळ्यांकडे अशा वेळी बघू नये.

"यासाठी आणलं होतं सगळं," मी म्हणालो. "सहा खोकी. महिनाभर. तुला आज ऐकवायचं होतं. पण सावळाराम, निर्दोष काही मिळालंच नाही. आता ऐक, सम येईल आणि..."

टिण्!

"हा! हा बघ! बोंडं बदलली, ॲम्प्लिफायर बदलले, सरकारी पंचनामा झाला, पण हा टिण् काही..."

सावळाराम हसायला लागला. आधी पोतं हळू ओढल्यासारखा, मग सगळं गोदाम हलल्यासारखा. बाज करकरायला लागली.

"आरं येड्या! मशिनी कशाला बदलल्यास? ह्यो तू हायस!"

"मी?"

"मागल्या वळीत टाळ घिऊन कोन बसलं हुतं? समंवर आख्खा गाव येकदम वाजवायचा. आन् तू इचार करून वाजवायचास!"

मी पुन्हा ऐकलं. सम. सगळे टाळ एकदम. मग, नीट खात्री करून घेतल्यावर, अगदी नम्रपणे:

टिण्.

चाळीस वर्षं मी टाळ विसरलो होतो. टाळानं मला सोडलं नव्हतं. ॲम्प्लिफायर तर बिचारा चोख होता. त्यानं फक्त मला मोठं केलं होतं.

"आवं!" सावळारामनं घरात हाळी दिली. "दोन चा टाका! बशा मोठ्या द्या! आन् पोरास्नी बोलवा, म्हनावं आज्ज्याचं गानं लागलंय!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पुन्यांदा लाव. आन् ह्यो तुझा टिण् काडायचा न्हाय बरं का. गवळण येकट्याची वाटायची."

मतदान झालं. सावळाराम तीन मतांनी निवडून आला. भामाबाई मला वाटेत अडवून म्हणाल्या, "लाल आलं न्हाय. मंग काय, मारले चारी शिक्के कपबशीवर!" म्हणजे हिशेब बघता माझ्या अभ्यासाचा संस्थेला असा उपयोग झाला म्हणायचा. पण हे मी हिंदुरावांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता रोज सात वाजता सावळाराम येतो. एक बोंड त्याला, एक मला, आणि फुर्रर. मी वायरची बोंडं आणि छोटा ॲम्प्लिफायर ठेवला, बाकीचं परत केलं. वहीच्या शेवटच्या पानावर निष्कर्ष लिहिला: 'सर्व यंत्रे उत्तम. दोष वादकात.'

विषय संपला असं मी समजत होतो. पण परवा कुरिअर पुन्हा आलं. सातवं खोकं! माझ्या त्या दोन पानी तक्रारीवर पहिल्या कंपनीच्या तीन इंजिनियरांनी म्हणे आठवडाभर काम केलं. आत कोरी नवी बोंडं आणि एक पत्र: 'आपल्याला ऐकू आलेल्या दोषाबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. तो यापुढे ऐकू येणार नाही.'

त्यांची उलट माफी कशी मागायची, यावर सध्या माझं वाचन चालू आहे. नवी वही घेतली आहे. बोंडं मात्र लगेच भामाबाईंना देऊन टाकली. योगायोगानं ती लालच निघाली!